एकच रक्कम, दोन वाटांनी : शाब्दिक उदाहरणाचं समीकरण कसं मांडावं

आठवीतली एक मुलगी संध्याकाळी माझ्याकडे अभ्यासाला यायची. गाव मेहकर तालुक्यातलं, घरी सहा एकर वावर, खरिपात सोयाबीन आणि तूर. तिची आकडेमोड स्वच्छ होती. पण ‘शाब्दिक उदाहरणे’ असा मथळा दिसला की ती पान उलटून पुढे जायची. एक दिवस मी पुस्तक मिटलं आणि विचारलं, “समज, तुझ्या बाबांनी बारा क्विंटल सोयाबीन विकलं. हमाली-तोलाईचे सहाशे रुपये कापून त्रेपन्न हजार चारशे हाती आले. क्विंटलला भाव काय लागला?” तिनं क्षणभर आढ्याकडे पाहिलं. “साडेचार हजार. आधी सहाशे मिळवाचे अन् मंग बारानं भागाचं.”

उत्तर अगदी बरोबर होतं. मी म्हटलं, “आता हेच वहीत समीकरण करून लिही.” तिनं पेन हातात घेतला. पाच मिनिटं झाली तरी कागद कोराच होता.

बुलढाणा जिल्ह्यात अशी मुलं घरोघरी आहेत. बाजार समितीची हिशोबपट्टी, किराण्याची उधारी, दुधाचा महिन्याचा हिशोब ती तोंडी करतात आणि परीक्षेत शाब्दिक उदाहरण सोडून देतात. त्यांना गणित येत नाही असं म्हणणं अन्यायाचं आहे. गोष्टीपासून समीकरणापर्यंतची वाट त्यांना कुणी एकेक पाऊल टाकून दाखवलेली नसते. आठवीत ‘एकचल समीकरणे’ हे प्रकरण येतं आणि दहावीच्या गणित भाग १ ची सुरुवातच ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ या प्रकरणानं होते. ही वाट ठाऊक नसेल तर तिथे अडणारच. म्हणून हा लेख मुलांसाठी आहे, आणि त्यांना घरी घेऊन बसणाऱ्या आईबाबांसाठी, ताईदादांसाठीही.

तोंडी हिशोब कुठे अडतो?

त्या मुलीनं काय केलं ते नीट पाहा. गोष्ट अशी घडली होती: भावाला बारानं गुणलं, त्यातून सहाशे गेले, उरलेले पैसे हाती आले. ती शेवटापासून मागे मागे आली. गेलेले सहाशे परत मिळवले, मग बारानं भागलं. माहीत नसलेली गोष्ट एकदाच येत असेल तर ही उलटी चाल उत्तम चालते.

दुसऱ्या दिवशी मी वेगळं उदाहरण दिलं. दोन भाऊ वेगळे निघाले. थोरल्याकडे ६ शेळ्या आणि ३०,००० रुपये रोख आहेत. धाकट्याकडे १० शेळ्या आहेत, पण डोक्यावर १०,००० रुपये कर्ज आहे. दोघांची मिळकत सारखीच भरते. सगळ्या शेळ्या एकाच किमतीच्या असतील तर एका शेळीची किंमत किती?

ती थांबली. “सर, याच्यात मांगं कुठून याचं?”

प्रश्न नेमका होता. शेळीची किंमत दोन्हीकडे आहे, त्यामुळे मागे यायला शेवटच नाही. इथे बीजगणित लागतं, आणि ते उलटं चालायला सांगत नाही. ते म्हणतं, गोष्ट जशी आहे तशी सरळ लिही. उलटं काम नंतर पाहू. शेळीची किंमत माहीत नाही ना? तिला ‘क्ष’ म्हणा आणि पुढे चला.

थोरल्याची मिळकत: ६क्ष + ३०,०००
धाकट्याची मिळकत: १०क्ष − १०,०००

दोन्ही सारख्या आहेत, म्हणून

६क्ष + ३०,००० = १०क्ष − १०,०००

दोन्ही बाजूंना १०,००० मिळवा आणि दोन्ही बाजूंतून ६क्ष काढा. ४०,००० = ४क्ष, म्हणजे क्ष = १०,०००. शेळी दहा हजारांची. थोरल्याचे साठ हजार आणि तीस हजार मिळून नव्वद हजार. धाकट्याचे एक लाखातून दहा हजार गेले, नव्वद हजार. जुळलं.

हे उदाहरण मूळचं माझं नाही. भास्कराचार्यांनी आपल्या ‘बीजगणित’ या ग्रंथात ते घोड्यांचं करून दिलं आहे: एकाकडे सहा घोडे आणि तीनशे नाणी, दुसऱ्याकडे दहा घोडे आणि शंभराचं ऋण, दोघांचं धन सारखं. उत्तर शंभर. ज्या ‘सिद्धांतशिरोमणी’चा हा भाग आहे तो ११५० साली पूर्ण झाला. आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण इथे, भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचं सांगणारा शिलालेख आहे. भास्कराचार्य अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हणत, म्हणजे ‘जेवढं असेल तेवढं’. एकाहून जास्त अज्ञात असले तर पुढच्यांना काळा, निळा, पिवळा अशी रंगांची नावं देत. पाठ्यपुस्तकात आज इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. मी इथे ‘क्ष’ आणि ‘य’ वापरतो. अक्षर कोणतंही चालतं, त्याचा अर्थ मात्र पक्का ठरलेला हवा.

सगळ्याचं सूत्र एकच

समीकरण म्हणजे एकाच रकमेचं, एकाच अंतराचं, एकाच वयाचं दोनदा केलेलं वर्णन. दोन वाटांनी तुम्ही एकाच ठिकाणी पोहोचता आणि त्या दोन वाटांमध्ये ‘=’ ही खूण मांडता. म्हणून उदाहरण वाचताना एकच प्रश्न मनात ठेवा: यातली कोणती गोष्ट मला दोन प्रकारे सांगता येते? सोयाबीनच्या गोष्टीत ती ‘हाती आलेली रक्कम’ होती. एका वाटेनं १२क्ष − ६००, दुसऱ्या वाटेनं ५३,४००. शेळ्यांच्या गोष्टीत ती ‘मिळकत’ होती. ही गोष्ट सापडली की उदाहरणाचं निम्म्याहून जास्त काम झालं.

पायऱ्या

१. दोनदा वाचा. पहिल्यांदा नुसती गोष्ट म्हणून वाचा, पेन खाली ठेवून. कोण आहे, काय घडलं, शेवटी काय विचारलं? दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन वाचा आणि प्रश्नाच्या वाक्याखाली रेघ मारा.

२. क्ष कशासाठी, ते पूर्ण वाक्यात लिहा. ‘क्ष = सोयाबीन’ हे चूक. ‘क्ष = एक क्विंटल सोयाबीनचा भाव, रुपयांत’ हे बरोबर. क्ष ही वस्तू नसते, ती संख्या असते. पुढे होणाऱ्या बऱ्याच चुका या एका ओळीनं टळतात.

३. गोष्टीतल्या बाकीच्या राशी क्ष वापरून लिहा. शक्यतो सगळ्यात लहान किंवा जिच्याशी इतरांची तुलना केली आहे अशा राशीला क्ष माना. ‘आईचं वय मुलीच्या तिप्पट’ असेल तर मुलीचं वय क्ष. मग अपूर्णांक येत नाहीत.

४. दोन प्रकारे सांगता येणारी गोष्ट शोधा आणि समीकरण मांडा.

५. सोडवा.

६. विचारलं तेच उत्तर दिलं का ते पाहा आणि ताळा करा. क्ष सापडला म्हणजे उत्तर झालंच असं नाही. प्रश्न आईच्या वयाचा असेल आणि क्ष मुलीचं वय असेल, तर अजून एक पाऊल बाकी आहे.

मराठी वाक्यातली गणिताची खूण

अनेक वर्षं मी मुलांना शब्दांची यादी पाठ करायला लावत असे: ‘मिळून’ म्हणजे अधिक, ‘जास्त’ म्हणजे अधिक, ‘कमी’ म्हणजे वजा. पुढे लक्षात आलं की ही यादी दगा देते. ‘ताईकडे दादापेक्षा ८ सीताफळं जास्त आहेत. ताईकडे २० आहेत. दादाकडे किती?’ या उदाहरणात ‘जास्त’ दिसलं की मुलं २८ लिहितात. यादी न वापरता गोष्ट सरळ लिहिली तर दादाची सीताफळं क्ष, ताईची क्ष + ८, आणि तीच २०. क्ष + ८ = २०, म्हणून १२. ‘जास्त’चा अधिक समीकरणात आलाच; वजाबाकी सोडवताना आपोआप झाली.

तेव्हा सुटा शब्द धरू नका, पूर्ण वाक्यांश वाचा. हे प्रकार मुलांनी स्वतःच्या हातानं लिहून काढावेत:

एका संख्येतून ७ वजा केले: क्ष − ७
७ मधून एक संख्या वजा केली: ७ − क्ष
एका संख्येपेक्षा ७ ने जास्त: क्ष + ७
एका संख्येची ७ पट: ७क्ष
एका संख्येच्या तिपटीपेक्षा ४ ने कमी: ३क्ष − ४
एका संख्येत ४ मिळवून येणाऱ्या बेरजेची तिप्पट: ३(क्ष + ४)
एका संख्येची दीडपट: ३क्ष/२
एका संख्येची सव्वापट: ५क्ष/४
एका संख्येची पाऊणपट: ३क्ष/४
लागोपाठच्या तीन संख्या: क्ष, क्ष + १, क्ष + २
लागोपाठच्या तीन सम संख्या: क्ष, क्ष + २, क्ष + ४

पहिल्या दोन ओळींत फरक फक्त कशा‘तून’ काय गेलं याचा आहे. ‘तून’ किंवा ‘मधून’ हा प्रत्यय ज्याला लागतो ते आधी लिहायचं. ‘ने जास्त’, ‘ने कमी’, ‘ने मोठा’, ‘ने लहान’ असं आलं की बेरीज-वजाबाकी. ‘पट’ आलं की गुणाकार. ‘तिपटीपेक्षा ४ ने कमी’ यात दोन्ही आहेत, आणि क्रमही वाक्यातच आहे: आधी तिप्पट, मग त्यातून चार.

आणखी एक बारकावा. मराठीत ‘आहे’, ‘होते’, ‘येतात’ ही क्रियापदं वाक्याच्या शेवटी येतात. ‘एका संख्येच्या तिपटीपेक्षा ४ ने कमी असलेली संख्या २३ आहे.’ बरोबरची खूण याच ‘आहे’त असते, पण लिहायची असते ती ‘संख्या’ आणि ‘२३’ यांच्या मध्ये. वाक्य वाचताना जिथे श्वास घ्यावासा वाटतो तिथे पेन्सिलीनं उभी रेघ मारा; ‘=’ ची जागा बहुतेक वेळा तीच असते. ३क्ष − ४ = २३, म्हणून क्ष = ९.

‘पट’ उलटी पडते तेव्हा

‘वावरात सोयाबीनची तासं तुरीच्या तासांच्या सहापट आहेत.’ सोयाबीनच्या तासांची संख्या क्ष आणि तुरीच्या तासांची य मानली, तर समीकरण कोणतं? बरीच मुलं वाक्य डावीकडून वाचत जातात आणि ६क्ष = य लिहून मोकळी होतात. आता आकडे घालून पाहा. तुरीची १० तासं असतील तर सोयाबीनची ६०. ६ × ६० = १०? जुळत नाही. बरोबर समीकरण क्ष = ६य. जी राशी कमी आहे तिला सहानं गुणलं की मोठीची बरोबरी होते.

या चुकीनं मुलांनी खट्टू होऊ नये. अमेरिकेत जॉन क्लेमेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना हाच प्रश्न विचारला होता. फक्त तिथे विद्यार्थी प्राध्यापकांच्या सहापट होते. एक तृतीयांशाहून जास्त जणांचं समीकरण चुकलं, आणि त्यातल्या बहुतेकांनी ते असंच उलटं लिहिलं होतं. उपाय सोपा आहे: समीकरण लिहिल्याबरोबर साधे आकडे घालून पाहा. दहा सेकंदांचं काम आहे.

आता चार उदाहरणं, सावकाश

वय. आज आईचं वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे. १२ वर्षांनी ते दुप्पट होईल. आजची वयं काढा.

वयाच्या उदाहरणात दोन काळ असतात, म्हणून आधी कोष्टक करा. आज: मुलगी क्ष, आई ३क्ष. बारा वर्षांनी: मुलगी क्ष + १२, आई ३क्ष + १२. बारा वर्षं दोघींचीही वाढतात, हे विसरायचं नाही. दोन प्रकारे सांगता येणारी गोष्ट म्हणजे आईचं बारा वर्षांनंतरचं वय:

३क्ष + १२ = २(क्ष + १२)

कंस इथे जीव की प्राण आहे. २क्ष + १२ लिहिलं तर नुसत्या आजच्या वयाची दुप्पट होते. कंस सोडवून ३क्ष + १२ = २क्ष + २४, म्हणून क्ष = १२. मुलगी १२, आई ३६. बारा वर्षांनी २४ आणि ४८.

कुंपण. आयताकृती वावराची लांबी रुंदीच्या दुपटीपेक्षा १० मीटरने कमी आहे. सगळीकडून काटेरी तारेचे तीन पदर ओढायला १,०२० मीटर तार लागली. लांबी-रुंदी काढा.

इथे एक सूत्र उदाहरणात लिहिलेलंच नाही: परिमिती. ते आपल्याला आठवावं लागतं. तीन पदरांना १,०२० मीटर, म्हणजे एका पदराला ३४० मीटर, हीच परिमिती. रुंदी क्ष, लांबी २क्ष − १०.

२(क्ष + २क्ष − १०) = ३४०
३क्ष − १० = १७०
क्ष = ६०

रुंदी ६० मीटर, लांबी ११० मीटर. भूमितीचं उदाहरण आलं की आकृती काढल्याशिवाय पेन पुढे नेऊ नका. चारही बाजूंवर मापं लिहिली की सूत्र डोळ्यांसमोर उभं राहतं.

एसटी. बुलढाण्याहून चिखलीला निघालेल्या बसमध्ये ४० प्रवासी आहेत. पूर्ण तिकीट ४० रुपये आणि अर्धं २० रुपये धरू. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे अर्ध्या तिकिटांची संख्या चांगली असते. ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत असतो. या बसमध्ये तसं कुणी नाही असं समजू. वाहकाकडे एकूण १,१६० रुपये जमले. पूर्ण तिकिटं किती?

पूर्ण तिकिटं क्ष मानली की अर्धी ४० − क्ष. ‘एकूण इतके, त्यांतले काही असे आणि बाकीचे तसे’ या साच्यात बसणारी असंख्य उदाहरणं असतात: पाचाच्या आणि दहाच्या नोटा, कोंबड्या आणि शेळ्या, बरोबर आणि चूक उत्तरं. सगळीकडे ‘एकूण वजा क्ष’ हीच किल्ली. जमलेले पैसे दोन प्रकारे सांगू:

४०क्ष + २०(४० − क्ष) = १,१६०
२०क्ष + ८०० = १,१६०
क्ष = १८

पूर्ण १८, अर्धी २२. ताळा: ७२० आणि ४४० मिळून १,१६०. दहावीची मुलं हेच दोन चलांनी लिहितील: क्ष + य = ४० आणि ४०क्ष + २०य = १,१६०. दोन गोष्टी अज्ञात असतील तर दोन अटी हव्यात, एवढं ध्यानात ठेवा. अट एकच सापडली तर उदाहरण परत वाचा. दुसरी कुठल्या तरी वाक्यात आहे.

वारकरी आणि सायकल. एक वारकरी सकाळी ६ वाजता खामगावहून शेगावकडे ताशी ४ किलोमीटर वेगानं चालू लागला. त्याचा मुलगा डबा घेऊन ७.३० ला सायकलनं त्याच वाटेनं ताशी १२ किलोमीटरनं निघाला. दोघं किती वाजता भेटतील?

मुलगा क्ष तास सायकल चालवेल. तेव्हा वडिलांना चालून क्ष + १.५ तास झाले असतील. दोन प्रकारे सांगता येणारी गोष्ट म्हणजे खामगावपासून भेटीच्या जागेचं अंतर:

४(क्ष + १.५) = १२क्ष
६ = ८क्ष
क्ष = ०.७५ तास, म्हणजे ४५ मिनिटं

भेट ८.१५ वाजता, खामगावपासून ९ किलोमीटरवर. इथे ०.७५ तासाला ‘७५ मिनिटं’ म्हणण्याची चूक फार होते. वेग ताशी असेल तर वेळ तासांतच लिहा आणि उत्तर देताना मिनिटांत बदला. दोन्ही गावांमधलं एकूण अंतर दिलेलंच नव्हतं, आणि ते लागलंही नाही. न दिलेल्या आकड्याला घाबरू नका.

सोडवताना

‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ हे वाक्य मुलांना पाठ असतं, आणि त्यामुळेच काही मुलं ३क्ष = १२ वरून क्ष = १२ − ३ लिहितात. पाठांतराऐवजी दोन पारड्यांचा तराजू डोळ्यांपुढे आणा. डाव्या पारड्यातून जे काढाल तेच उजव्यातून काढा, जितक्या पटीनं इकडे कमी कराल तितक्याच पटीनं तिकडे करा. दांडी सरळ राहते. सुरुवातीचे पंधरा दिवस ‘दोन्ही बाजूंतून ७ वजा करून’, ‘दोन्ही बाजूंना ३ ने भागून’ असं शेजारी लिहायची सवय लावा. वेग आपोआप येतो.

ताळा गोष्टीत करा

हंगेरीत जन्मलेले गणिती जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मध्ये गणितं कशी सोडवावीत यावर एक पुस्तक लिहिलं. त्यात चार टप्पे आहेत: प्रश्न समजून घेणं, बेत आखणं, तो अमलात आणणं, आणि मागे वळून पाहणं. चौथा टप्पा आपल्याकडे सर्रास राहतो. ताळा समीकरणात केला तर फक्त आकडेमोड बरोबर आहे एवढं कळतं. समीकरणच चुकलेलं असेल तर ते कळत नाही. म्हणून उत्तर मूळ गोष्टीत ठेवून गोष्ट परत वाचा. आई १२ आणि मुलगी ३६ वर्षांची निघाली, बसमध्ये साडेअठरा प्रवासी आले, रुंदी उणे आली, तर गोष्टच तुम्हाला सांगेल की वाट चुकली.

एक उदाहरण अंकांचं

दोन अंकी संख्येतल्या अंकांची बेरीज ९ आहे. अंकांची अदलाबदल केली तर संख्या २७ ने वाढते. संख्या कोणती?

या प्रकारात मराठी मुलांना वेगळी अडचण येते. आपण ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी उच्चारतो, वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी. म्हणून आधी हे पक्कं करा: दशकस्थानी क्ष आणि एककस्थानी य असेल तर संख्या १०क्ष + य. नुसतं ‘क्षय’ लिहिलं तर तो गुणाकार होतो. अदलाबदलीनंतरची संख्या १०य + क्ष.

क्ष + य = ९
१०य + क्ष = १०क्ष + य + २७

दुसऱ्या समीकरणातून ९य − ९क्ष = २७, म्हणजे य − क्ष = ३. बेरीज ९, फरक ३; य = ६, क्ष = ३. संख्या ३६. पटत नसलेल्या दोघांना आपण ‘छत्तीसचा आकडा’ म्हणतो, कारण ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसलेले असतात. अदलाबदल केली की ६३: तेच अंक, समोरासमोर.

सरावासाठी

१. नांदुऱ्याची हनुमानाची मूर्ती १०५ फूट उंच आहे. ही उंची एका शाळेच्या इमारतीच्या उंचीच्या चौपटीपेक्षा १५ फुटांनी कमी आहे. इमारत किती उंच?

२. खामगावच्या एका दुकानात चांदीचा भाव ग्रॅमला १०० रुपये धरला. पैंजणाच्या जोडाला ५०० रुपये घडणावळ धरून ६,५०० रुपये झाले. चांदी किती ग्रॅम?

३. तीन बहिणींची वयं लागोपाठच्या सम संख्या आहेत. बेरीज ४२. वयं काढा.

४. वावरात सोयाबीनची तासं तुरीच्या तासांच्या सहापट आहेत. एकूण तासं ८४. प्रत्येकाची किती?

५. पाच वर्षांपूर्वी वडिलांचं वय मुलाच्या सातपट होतं. पाच वर्षांनी ते तिप्पट होईल. आजची वयं काढा.

उत्तरं: १) ३० फूट. २) ६० ग्रॅम. ३) १२, १४, १६. ४) तूर १२, सोयाबीन ७२. ५) मुलगा १०, वडील ४०. पाचव्यात ‘पाच वर्षांपूर्वीचं मुलाचं वय’ क्ष मानलं तर काम सोपं होतं. आजचं मानूनही करून पाहा.

आईबाबांसाठी

मूल अडलं की उत्तर सांगू नका. फक्त तीन प्रश्न विचारा: काय विचारलंय? क्ष कशाला म्हणायचं? कोणती गोष्ट दोन प्रकारे सांगता येते? हे विचारायला तुम्हाला बीजगणित येण्याची गरज नाही.

दुसरा सराव उलटा करून घ्या. समीकरण तुम्ही द्या, गोष्ट मुलानं रचायची. मी त्या मुलीला ५क्ष + ३० = १८० दिलं होतं. तिनं लिहिलं: ‘आईनं पाच किलो कांदे आणि तीस रुपयांची मेथी घेतली. एकशे ऐंशी रुपये दिले. कांदे काय किलो?’ त्याखाली न सांगता तिनं एक ओळ लिहिली होती: ‘क्ष = एक किलो कांद्याचा भाव, रुपयांत.’ गोष्ट रचता आली की दुसऱ्याची गोष्ट वाचता येते, हे मी तेव्हापासून धरून चाललो आहे.

आज रात्री जेवणं झाल्यावर घरातली एखादी पावती काढा: किराण्याची, खताच्या दुकानातली, बाजार समितीतली. त्यातला एक आकडा अंगठ्याखाली झाका आणि मुलाला म्हणा, “हा क्ष. आता सांग बरं, बाकीच्या आकड्यांवरून समीकरण कसं लिहिशील?” अंगठा उचलाल तेव्हा ताळाही तिथेच होऊन जाईल.